बिदरला आलेला परदेशी : अफानासी निकितीन

गेल्या पावसाळ्यात भालकी तालुक्यातील एका लहानशा मंडळीत उपदेशासाठी जाण्याचा योग आला. उपासना संपल्यावर शब्बाथ शाळेची मोठी मुले आमच्याजवळ बसली. त्या दिवसाचा पाठ पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, हा होता. पाठ आटोपताच दहावीत शिकणाऱ्या एका मुलाने भलताच प्रश्न केला. हल्ली मुले मोबाईलवर इंग्लंडातील सॅक्सन लोक आणि समुद्रापलीकडून चालून येणारे व्हायकिंग यांच्या मालिका पाहतात. २०१३ साली सुरू झालेल्या 'व्हायकिंग्ज' या मालिकेत अॅथेलस्टन नावाचा एक मठवासी आहे. व्हायकिंग त्यास धरून नेतात, तो त्यांच्यात राहून त्यांच्यासारखा होतो, पुढे सॅक्सनांच्या हाती लागतो आणि तेथला बिशप त्यास धर्मभ्रष्ट ठरवून वधस्तंभावर खिळवितो. हे खरे घडले काय, आणि आपली मंडळी पूर्वी असे करीत असे काय, असा त्या मुलाचा प्रश्न होता.

आम्ही एका आठवड्याची मुदत मागून घेतली. वाचून पाहता कळले ते असे. ७९३ साली उत्तरेकडील दर्यावर्द्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला, हे खरे. मालिकेतील एकबर्ट राजाही खरा. तो ८३९ साली वारला. परंतु तो मठवासी लेखकाच्या कल्पनेतला, आणि त्याचा वधस्तंभही तसाच. ती शिक्षा रोमी साम्राज्यात चौथ्या शतकातच बंद पडली होती, आणि सॅक्सन मंडळीने कोणास अशा रीतीने खिळल्याची नोंद नाही. 'द लास्ट किंगडम' या दुसऱ्या मालिकेत आल्फ्रेड राजाचा खंदा वीर म्हणून जो उहट्रेड दाखविला आहे, तो तर आल्फ्रेडच्या काळातला नव्हेच. आल्फ्रेड ८९९ साली मरण पावला. त्या नावाचा बेबनबर्गचा प्रसिद्ध सरदार त्यानंतर शंभर वर्षांनी झाला.

मुलाचे समाधान झाले, आमचे मात्र झाले नाही. आपल्या लोकांपासून तुटून, परक्या धर्माच्या मुलखात वर्षानुवर्षे राहिलेल्या ख्रिस्ती माणसाचे खरोखर काय होते? हे पाहण्यास इंग्लंडपर्यंत जावयास नको. असा एक माणूस पाचशे वर्षांपूर्वी आपल्याच बिदरला आला होता, गुलबर्ग्यास राहिला होता, आळंदच्या जत्रेविषयी लिहून गेला होता. त्याच्यावरही पडद्यावर कथा निघालेली आहे. त्याचे नाव अफानासी निकितीन.

मॉस्कोच्या वायव्येस व्होल्गा नदीकाठी त्व्हेर नावाचे शहर आहे. अफानासी तेथला व्यापारी, रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीचा सभासद. जुन्या पुस्तकांत त्याच्या निघण्याचे साल १४६६ दिले आहे. अलीकडील अभ्यासक १४६८ धरतात. बिशपचा आशीर्वाद घेऊन, सोबत्यांसह, नावांत माल भरून तो व्होल्गेतून खाली उतरला. शिरवान देशाच्या राजाचा वकील मॉस्कोहून नव्वद शिकारी ससाणे घेऊन परत चालला होता, त्याच्या तांड्याबरोबर जाणे सुरक्षित, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब चुकला. अस्त्राखानजवळ तार्तरांनी नावांवर हल्ला केला आणि अफानासीचा माल असलेली नाव लुटली. त्याच नावेत त्याची धर्मपुस्तकेही होती. वाचकांनी ही पुस्तकांची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. राहिलेल्या दोन नावांपैकी एक कास्पियन समुद्रात वादळाने फुटली. शिरवानच्या राजाकडे दाद मागितली, पण त्याने काही दिले नाही. सोबत्यांची पांगापांग झाली. ज्यांचे घरी काही होते ते घरी गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले. अफानासी पुढे निघाला.

बाकू, मग समुद्र ओलांडून इराण, आणि इराणात गावोगाव थांबत होर्मुझ बंदर, असा त्याचा प्रवास झाला. त्या काळी दख्खनच्या सुलतानांस घोड्यांची मोठी गरज असे आणि होर्मुझहून घोडे जहाजाने येत. अफानासीने एक घोडा घेतला, त्यास जहाजावर चढविले आणि मस्कत, दीव, खंबायत असे करीत तो कोकणात चौल बंदरी उतरला. गोरा माणूस पाहून लोक त्याच्या मागे मागे फिरत. तेथून घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसात अडकला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे चार महिने काढल्याचे त्याने लिहिले आहे. घोड्यांस येथे हरभरा खाऊ घालतात, आणि साखर व तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही तो टिपून ठेवतो. आमच्या भागात घोड्याचे राहो, माणसाच्या खिचडीत साखर कोणी घालीत नाही. पण त्याने पाहिले ते लिहिले.

जुन्नरचा अधिकारी असदखान याच्या नजरेत तो घोडा भरला. खानाने तो ओढून नेला, आणि त्याचा मालक मुसलमान नसून रशियन आहे, असे त्यास कळले. मग त्याने अट घातली. आमचा धर्म स्वीकार, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. न स्वीकारशील तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड भरावा लागेल. विचाराला चार दिवस दिले. शब्बाथ शाळेत ही गोष्ट सांगणाऱ्यांस येथे थांबून, तो कसा धैर्याने उभा राहिला, असे वर्णन करण्याचा मोह होईल. आम्हांसही झाला होता. पण अफानासीने स्वतः तसे काहीच लिहिलेले नाही. त्याने लिहिले आहे ते असे की, त्याच दिवसांत खुरासानचा ख्वाजा महंमद नावाचा एक गृहस्थ तेथे आला. अफानासीने त्याच्यापुढे पदर पसरला, आपल्यासाठी रदबदली करावी म्हणून विनवले. तो खानाकडे गेला, धर्मांतराची अट काढवून घेतली आणि घोडाही परत मिळवून दिला. ही सुटका प्रभूच्या रूपांतराच्या सणाच्या दिवशी झाली, आणि अफानासी तिला प्रभूचा चमत्कार म्हणतो. तो चमत्कार प्रभूने एका मुसलमानाच्या हातून केला, हेही त्याच ओळींत आहे. काही ठिकाणी आम्ही ही गोष्ट ऐकली आहे, पण तीत खान असतो आणि ख्वाजा महंमद नसतो.

त्यानंतरच्या मजकुरात त्याने आपल्या देशबांधवांना फार कडवट इशारा दिला आहे. हिंदुस्थानात जाणाऱ्याने आपला विश्वास रशियातच ठेवून यावे, असा त्याचा आशय. ज्या व्यापाऱ्यांनी त्यास येथे मालाची रेलचेल आहे म्हणून सांगितले, त्यांनी आपणास फसविले असे त्यास वाटले, आणि त्यांच्याविषयी त्याने वाईट शब्द वापरले आहेत. ते शब्द आम्ही येथे देत नाही, पण ते तेथे आहेत.

जुन्नरहून तो बिदरला आला. बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणून तेव्हा चार-पाच दशके लोटली होती. गादीवर महंमदशहा तिसरा होता, विशीतला तरुण. खरा कारभार वजीर महमूद गवान पाही. ज्या मदरशाचे निळ्या फरशांचे अवशेष आज आपण बिदर गावात पाहतो, तो मदरसा १४७२ च्या सुमारास, म्हणजे अफानासीच्या काळाच्या आगेमागे पुरा झाला. अफानासी लिहितो की, सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे असून दरवाजा-दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून असत. आत जाणाऱ्याचे आणि बाहेर येणाऱ्याचे नाव लिहून घेत. रात्री कोतवालाची हजार माणसे मशाली घेऊन शहरात गस्त घालीत. रस्त्यांतून साप फिरत. अमीर-उमराव चांदीच्या पालखीतून मिरवीत, आणि खेड्यापाड्यांतली माणसे अगदी गरीब. त्याच्या साऱ्या वर्णनात आम्हांस हे एक वाक्य फार महत्त्वाचे वाटते. दरबारी बखरींतून बिदरच्या खेडुताची गरिबी कोणी लिहिलेली नाही. ती एका परदेशी फिरत्या व्यापाऱ्याने लिहिली.

आळंदला शेख अलाउद्दीनाच्या नावाने वर्षातून एकदा जत्रा भरते, दहा दिवस व्यापार चालतो, वीस वीस हजार घोडे विक्रीस येतात, असे तो सांगतो. त्याच परिसरातील एका घुबडाविषयीही त्याने लिहिले आहे. ते ज्या घरावर बसून ओरडेल त्या घरी मृत्यू होतो, आणि मारावयास जावे तर त्याच्या तोंडातून आग निघते. हे अर्थात ऐकीव. पाहिलेले आणि ऐकलेले यांची त्याने नेहमी वेगळी वाटणी केलेली नाही, ती वाचणाऱ्यास करावी लागते.

घोडा नाताळाच्या सुमारास बिदरला विकला. वर्षभर त्यास पोसण्यात पुष्कळ पैसा गेला होता. मुसलमानांत तो ख्वाजा यूसुफ खुरासानी या नावाने वावरत असे. पण हिंदू लोकांशी ओळख वाढल्यावर त्याने त्यांस उघड सांगितले की, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफानासी. तेव्हापासून त्यांनी आपले खाणेपिणे, देवधर्म, बायकामुले त्याच्यापासून लपविणे सोडले. त्यांच्याबरोबर तो महाशिवरात्रीस श्रीशैलाच्या यात्रेलाही गेला, बिदरहून महिनाभराची वाट. तेथे जे पाहिले ते त्याने कोठेही हेटाळणी न करता लिहिले आहे.

आता त्या पुस्तकांकडे येऊ. पुस्तके गेली, म्हणजे पंचांग गेले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मंडळीचे कॅलेंडर भिंतीवर टांगलेले असते त्यांस याची कल्पना येणार नाही. नाताळाची तारीख ठरलेली असते, पण ईस्टर दरवर्षी बदलतो आणि त्यावरून उपवासकाळ व इतर सण ठरतात. अफानासीजवळ ते मोजण्याचे साधन उरले नाही. आपण बुधवार-शुक्रवारचे उपवास विसरलो, ईस्टर आणि नाताळ केव्हा येतात ते कळेनासे झाले, असे तो पुन्हा पुन्हा लिहितो. त्याने पहाटे उठून आकाशातील नक्षत्रे पाहिली. मुसलमानांच्या मोठ्या बैरामाच्या नऊ-दहा दिवस आधी आपला ईस्टर येत असावा, असाही अंदाज बांधला. बिदरला त्याने एप्रिलच्या १ तारखेस उपवास धरला आणि मेच्या १ तारखेस ईस्टर पाळला.

हा ईस्टर चुकीचा होता, आणि हे आपण खात्रीने सांगू शकतो. तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ईस्टर २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नसे. १ मे रोजी तो कोणत्याही वर्षी पडणे शक्य नाही. त्व्हेरमध्ये त्याचे लोक सण उरकून आपापल्या कामाला लागले होते, तेव्हा हा एकटा बिदरच्या उन्हाळ्यात उपवास करीत होता. पुढे एकदा तर त्याने मुसलमानांच्या उपवासाच्या महिन्यात त्यांच्याबरोबरच उपवास केला, त्यांच्याबरोबरच सोडला आणि गुलबर्ग्यास आपला ईस्टर पाळला. त्या उपवासात त्याने मांस वर्ज्य केले, भाकरी आणि पाणी एवढ्यावर दिवस काढले, आणि आकाश व पृथ्वी उत्पन्न करणाऱ्या एका देवास प्रार्थना केली.

बिदरलाच एका मुसलमान अधिकाऱ्याने त्यास पुन्हा धर्माविषयी विचारले. तू आपली प्रार्थना कर, मी माझी करतो, मी परका माणूस आहे, असे त्याने उत्तर दिले. त्यावर तो अधिकारी म्हणाला की, तू मुसलमान दिसत नाहीस, आणि ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक दिसत नाही. हा घाव खोल गेला. त्यानंतर आपण पुष्कळ विचारात पडलो, असे तो लिहितो.

१९५७ साली याच माणसावर 'परदेशी' हा बोलपट निघाला. आमच्या वडिलांनी तो तंबूत पाहिला होता आणि बिदरचे नाव सिनेमात आले म्हणून ते अनेकदा त्याची आठवण काढीत. आम्ही तो अलीकडे मोबाईलवर पाहिला. ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियाचे वासिली प्रोनिन यांनी मिळून तो काढला. भारत आणि सोव्हिएत देश यांनी भागीदारीत काढलेला तो पहिला बोलपट. अफानासीचे काम ओलेग स्त्रिझेनोव्ह याने केले, महमूद गवान झाले पृथ्वीराज कपूर, आणि बलराज साहनी झाले त्याचा मित्र सखाराम. नर्गिस चंपा झाली, आणि चंपा व अफानासी यांचे प्रेम हा त्या कथेचा मोठा भाग आहे.

अफानासीच्या टिपणांत चंपा नाही. कोणा हिंदी स्त्रीचे नावच नाही. सखारामही नाही, हिंदू मित्रांचा उल्लेख आहे, पण एकाचेही नाव त्याने दिलेले नाही. महमूद गवानाचा उल्लेख मलिक-उत-तुज्जार या पदवीने येतो, त्याच्या फौजेचे आकडे येतात, पण त्याची आपली भेट झाली असे तो कोठे म्हणत नाही. ते वर्ष दोन्ही देशांच्या मैत्रीचे होते, आणि मैत्रीच्या चित्रासाठी प्रेमकथा सोयीची पडली असावी. बोलपट वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पृथ्वीराजांचा गवान पाहण्यासारखा आहे. पण ज्या माणसाच्या टिपणांत पानोपानी ईस्टर शोधणे आहे, त्याच्या जीवनात त्या जागी चंपा आणून बसविली, हेही खरे.

आणि आम्ही उपदेशक लोक काय करतो? चंपा काढून त्या जागी हुतात्मा बसवितो. निकितीनची टिपणे शेवटपर्यंत वाचणाऱ्यास हे करता येणार नाही. त्याच्या अनेक प्रार्थना रशियन भाषेत नाहीत. तुर्की, फारसी आणि अरबी यांच्या मिश्रणात आहेत, आणि शेवटची लांब प्रार्थना तर बरीचशी मुसलमानांच्या धाटणीची आहे. खरा विश्वास कोणता ते देव जाणे, एका देवास ओळखावे आणि शुद्ध ठिकाणी शुद्धपणे त्याचे नाव घ्यावे, अशा अर्थाचेही त्याने लिहिले आहे. १९८९ साली गेल लेनहॉफ आणि जॅनेट मार्टिन या अमेरिकन विदुषींनी, तो मुसलमान झाला असावा, असे मत मांडले. रशियातील याकोव्ह लूरिये यांच्या मते तसे नव्हे. तो परत स्वदेशी निघाला, यावरूनच त्याने विश्वास सोडला नव्हता असे दिसते. आम्हांस स्वतःला दुसरे मत पटते. ज्याने विश्वास टाकला आहे तो चुकलेल्या ईस्टरसाठी इतका तळमळणार नाही. परंतु पहिले मत मांडणाऱ्यांजवळही त्याचेच शब्द आहेत, आणि ते मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. पेत्राचे नाकारणे चारही शुभवर्तमानांत लिहिलेले आहे. तो मंडळीचा पुढारी झाल्यावरही ते कोणी गाळले नाही. पुढच्या भेटीत आम्ही त्या मुलास एवढेच सांगितले, आणि ख्वाजा महंमदाची गोष्टही सांगितली. त्याने विचारले की, मग शेवटी तो घरी पोचला काय?

पोचला नाही. बिदर सोडून तो गुलबर्गा, आळंद अशा मार्गाने कोकणात दाभोळ बंदरी आला आणि दोन मोहरा देऊन जहाजात बसला. जहाज भरकटून इथिओपियाच्या किनाऱ्यास लागले. तेथल्या लोकांस तांदूळ, मिरे व भाकरी देऊन लुटीतून सुटका करून घेतली. पुढे मस्कत, होर्मुझ, इराण ओलांडून काळ्या समुद्रावरील त्राबझोन. तेथे त्याच्या सामानाची झडती झाली आणि चांगले-चुंगले होते ते गेले. काळा समुद्र ओलांडून तो काफा बंदरी पोचला. तेथून घरची वाट धरली, आणि स्मोलेन्स्क शहर गाठण्याआधीच तो वारला.

त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि १४७५ साली त्या ग्रँड प्रिन्सचा कारकून वासिली मामिरेव याच्या हाती आल्या. 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांचा मजकूर इतिवृत्तांत उतरवून घेतला गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझिन यास त्याची एक प्रत मॉस्कोजवळच्या त्रिएक-सेर्गी मठाच्या ग्रंथालयात सापडली. १८५७ साली इंग्रजी भाषांतर झाले. तो जेथे उतरला त्या चौलजवळ, रेवदंड्यास, २००२ साली त्याच्या नावाचा स्तंभ उभारला आहे.

ज्यांनी ती प्रत उतरवून घेतली त्यांस ईस्टर कधी येतो हे पक्के ठाऊक असणार; त्यांच्या सर्व वर्षाचा क्रमच त्यावर चालत असे. बिदरची तारीख चुकीची आहे, हे वाचताक्षणी त्यांच्या ध्यानात आले असेल. त्या परक्या भाषेतील प्रार्थनाही त्यांनी पाहिल्या असतील. त्यांनी काही गाळले नाही. १ मे ही तारीख आजही तेथे तशीच आहे.